हरिणीचा कडक उपास

"काल संध्याकाळपासून हिच्या पोटात काही गेलं नाही ना?" इंजेक्शन भरता भरता मी विचारलं.

"कडकडीत उपास, डॉक्टरबाई," सातलिंगअण्णा गवळी म्हणाले. "एवढा कडक मी शिवरात्रीला बी धरत न्हाई."

"अक्का, तुम्ही?"

अण्णांच्या बायकोनं, गौराक्कानं, पदर सावरला. "मी कशाला घालतो गं बाई? सणाची एवढी कामं पडल्यात, मला हिकडं बघायला तर सवड हाय काय?"

कोल्हापुरात बायकासुद्धा स्वतःबद्दल 'जातो', 'येतो', 'करतो' म्हणतात. मी परभणीची. पहिले दोन महिने मला वाटायचं की बाईच्या मागं कुणीतरी पुरुष लपून बोलतोय.

सून वैजयंतानं नुसती मान हलवली. ती मान आडवी हलली की उभी, यावर पुढं त्या घरात बरीच चर्चा झाली.

हरिणी म्हणजे म्हैस. वजनानं हरिणींचा एक आख्खा कळप. नाव ठेवलं तेव्हा अण्णा पूर्ण शुद्धीत होते, असं घरातले सगळे शपथेवर सांगायचे.

ही गोष्ट माझ्या कोल्हापुरातल्या पहिल्या दिवाळीची. लक्ष्मीपूजनाची सकाळ होती. आमचे थोरले डॉक्टर सासुरवाडीला गेले होते आणि जाताना दवाखाना, औषधांची पेटी आणि एक वाक्य माझ्या हवाली करून गेले होते: "गुंगीचं औषध घोड्याला पेलाभर लागत असेल तर म्हशीला चमचाभर पुरतं, आणि ते उपाशीपोटीच द्यायचं." त्या औषधाचं नाव झायलाझिन. जनावर शांत होतं, दुखणं जाणवत नाही, आणि डॉक्टरला लाथ बसत नाही. तिन्ही फायद्यांपैकी शेवटचा पुस्तकात दिलेला नसतो.

तोटा एकच. औषध जनावराबरोबर त्याचं पोटही झोपवतं. म्हशीचं पोट म्हणजे रात्रंदिवस चालू असलेला गोबरगॅस. जागी असली की ती सारखी ढेकरा देते आणि गॅस निघून जातो. झोपली की ढेकर बंद, गॅस चालूच. पोट रिकामं असेल तर काही बिघडत नाही. भरलेलं असेल तर फुगा होतो, आणि फुगा फार वाढला तर आतून छाती दाबली जाऊन म्हैस मरते.

म्हणून मी तिघांनाही विचारलं होतं.

हरिणीच्या पुढच्या खुरात काच घुसली होती आणि दुसऱ्या दिवशी पाडवा होता. पाडव्याला कोल्हापुरात म्हशींची सगर निघते. गवळी लोक आपापल्या म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. मालक पुढं सायलेन्सर काढलेली गाडी फाडफाड वाजवत जातो आणि म्हैस त्या आवाजामागं पळते. ज्याची म्हैस चांगली पळेल, त्याची मिशी वर्षभर वर. हरिणीची तयारी आठवडाभर आधीच झाली होती. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्यांची माळ, आणि डाव्या कुशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं: 'नाद करायचा नाय'.

इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात हरिणीची मान खाली आली, डोळे मिटायला लागले, आणि ती एखादी भिंत खचावी तशी सावकाश खाली बसली.

"काय हात हाय!" अण्णा म्हणाले. "मला बी द्या की थोडं. दिवाळीची पावनी मंडळी यायची हाईत."

काच निघाली. खूर धुतला, औषध भरलं, पट्टी बांधली. सगळं इतकं छान झालं की मी मनातल्या मनात थोरल्या डॉक्टरांना फोनसुद्धा लावला. आणि मग सहज माझं लक्ष हरिणीच्या कुशीकडं गेलं.

'नाद करायचा नाय' मोठं झालं होतं.

आधी वाटलं, माझाच काहीतरी भ्रम. पण 'नाद' आणि 'करायचा' यांच्यामधलं अंतर बघता बघता वाढत होतं. मी टिचकी मारून बघितली. डमरूसारखा आवाज आला.

"हिला कुणी काय खायला घातलं?"

तिघंही एकमेकांकडं बघायला लागले. बाहेर कुणाच्या तरी पोरानं लवंगी लावली.

"हे बघा, मी कुणाला रागावणार नाही. मला फक्त कळलं पाहिजे."

"तसं खायाला म्हनून काय न्हाई," अण्णा गोठ्याच्या वाशांकडं बघत म्हणाले. "पेंड. एक घमेलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी लक्ष्मीच उपाशी ठेवायची म्हनजे... तुमीच सांगा."

"अवो!" अक्का ओरडल्या. "मला दम दिलासा, हात लावू नको म्हनून, आनि सोता घमेलं?"

"अक्का, तुम्ही काय दिलंत?"

"मी? मोडक्या करंज्या. मोडक्याच बरं का, चांगल्या न्हाई."

"किती मोडल्या होत्या?"

"आता तिच्याकडं बघून हातातच मोडायला लागल्या, तर मी काय करू?"

वैजयंतानं न विचारताच रडायला सुरुवात केली. "भिजवलेली सरकी... मला वाटलं मी एकटीच देतोय..."

मी हिशेब करत होते, तेवढ्यात गोठ्याच्या भिंतीमधून एक पुरुषी आवाज आला.

"आनि मक्याची वैरन. चार पेंढ्या."

मी भिंतीकडं बघितलं. भिंत म्हणजे पुरुषभर उंचीची, नवीन विटांची. जुन्या मोठ्या गोठ्याचे मधोमध दोन तुकडे करणारी.

"हे कोण?"

"कोन न्हाई," अण्णा म्हणाले. "भिंत हाय."

"डॉक्टरबाई," भिंत म्हणाली, "मी तम्माण्णा. ह्यांचा धाकटा भाऊ. वैरन भितीवरनं टाकतो रोज. तुमी उपाशी ठेवाय सांगितलासा ते मला कुनी सांगितलं न्हाई. आमची बोलाचाली बंद हाय."

"डॉक्टरबाई, भितीला इचारा, दुसऱ्याच्या म्हशीला रोज वैरन टाकायची हिला कुनी सांगितलीया?"

"डॉक्टरबाई, त्यांना सांगा, म्हशीनं."

मी मध्ये पडले नाही. मला काम होतं. तोंडातून पोटात नळी घातली. गॅस बाहेर यायला हवा होता. बाहेर आली ती पेंड, सरकी आणि थोडंसं खोबरं, तीही नळी गच्च बुजवून. नळी धुतली, पुन्हा घातली, पुन्हा बुजली. गुंगी उतरवायचं उलटं इंजेक्शन आमच्याकडचं संपलं होतं. औषधाच्या दुकानदाराला फोन लावला तर त्यानं दिवाळीच्या शुभेच्छा दिल्या आणि पाडवा झाल्यावर या म्हणाला.

आता 'नाद' पाठीच्या कण्याकडं सरकला होता आणि हरिणीचा श्वास तोकडा झाला होता. मी पेटीतून ट्रोकार काढला. ट्रोकार म्हणजे नळीत बसवलेला जाडजूड दाभण. तो कुशीतून थेट पोटात घालायचा, म्हणजे गॅस बाहेर पडतो. म्हैस वाचते. नंतर ती जखम पिकली नाही तर नीट वाचते.

"ह्ये काय?" अण्णांचा आवाज एकदम बारीक झाला.

"भोक पाडावं लागेल, अण्णा. इथं." मी बोट ठेवलं. 'करायचा'च्या 'क'वर.

"पोटाला?"

"ती उभी राहिली, चार पावलं चालली, तर ढेकर येऊन गॅस आपोआप निघेल. पण मला फार थांबता येणार नाही. चुलीवर चहाला उकळी यायला लागते ना, तेवढा वेळ. तेवढ्यात उठवा, नाहीतर मी हे घालणार."

अण्णा खाली बसले. हरिणीच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "ऊठ गं माझी बाय. ऊठ, माझी लक्ष्मी."

लक्ष्मी घोरत होती.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून ढकललं. एका झोपलेल्या म्हशीला चार माणसांनी ढकलणं म्हणजे ज्योतिबाच्या डोंगराला खांदा देण्यासारखं आहे. डोंगराला निदान गुदगुल्या तरी होत नाहीत. हरिणीनं शेपटी एकदा माझ्या तोंडावर मारली आणि पुन्हा झोपली.

"मामंजी, गाडी!" वैजयंता म्हणाली.

अण्णा धावत जाऊन आपली मोपेड घेऊन आले. सायलेन्सर काढलेली मोपेड. तीन वर्षांपूर्वी घेतली होती, खास सगरीसाठी. त्यांनी ती हरिणीसमोर उभी करून तिच्या अ‍ॅक्सिलरेटरचा कान पिळला. सर्दी झालेल्या डासासारखा आवाज निघाला. हरिणीनं झोपेतच नाकपुडी फेंदारली. अक्कांनी तोंडाला पदर लावला. रडत होत्या की काय ते मला दिसलं नाही, पण खांदे हलत होते.

"अवो," पदराआडून त्या म्हणाल्या, "भावजींना बोलवा की."

"कोन भावजी?"

"बास करा आता! डॉक्टरबाई, तुमाला सांगतो. ही म्हैस रेडकू असल्यापास्नं त्यांच्या बुलेटमागं पळाय शिकलीया. तीन वर्साखाली सगरीत हिचा पयला नंबर आला, आनि माइकवर म्हनाले, 'तम्माण्णा गवळी यांची हरिणी.' झालं. ह्यांचं टाळकं फिरलं. म्हैस माजी, नाव त्याचं का? ते म्हनाले, म्हैस तुजी, खरं ऐकती माजं. ह्यांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलवला."

"आणि नंतरच्या सगरीत?"

"नंतर दोन वर्सं ह्यांच्या त्या डासामागं उभी ऱ्हायली. पळाली न्हाई. रवंथ केली आनि घरी आली."

"रस्ता खराब हुता," अण्णा म्हणाले.

मी कुशीवर हात ठेवला. चामडी ताशासारखी ताणली होती. चहाला उकळी यायची वेळ होऊन गेली होती, खरं तर उतूही गेला असता. मी कुशीवर स्पिरिट लावलं. अण्णा त्या ओल्या 'क'कडं बघत राहिले. मग ट्रोकारकडं. मग उठून भिंतीपाशी गेले आणि विटांना कपाळ टेकवून उभे राहिले.

"तुजं ऐकती," अण्णा म्हणाले.

पलीकडून टोमणा येणार म्हणून आम्ही सगळे तयारीत राहिलो. टोमणा आला नाही. किक मारल्याचा आवाज आला. माणूस आधीच गाडीवर बसून होता.

बुलेट गल्लीतून वळून गोठ्याच्या दारात आली आणि फाडफाडफाड असा आवाज झाला की वाशांवरची कबुतरं उडाली, शेजारच्या दारातली रांगोळी काढणारी पोरगी रंगाच्या वाटीत बसली आणि माझ्या दातांतलं भरलेलं सिमेंट हललं. गाडीवर अण्णांचाच चेहरा होता, फक्त दहा वर्षांनी कोवळा आणि मिशी अर्धी.

हरिणीनं एक डोळा उघडला. कान हलवला.

"उठली!" वैजयंता किंचाळली.

उठली नव्हती. डोळा पुन्हा मिटायला लागला. तम्माण्णांनी पुन्हा गाडी फाडली. कान हलला, म्हैस हलली नाही. तिसऱ्यांदा फाडली आणि मग त्यांचा हात गळून पडला. मला वाटलं आता अण्णा काहीतरी बोलणार, तीन वर्षांचं सगळं एका वाक्यात वसूल करणार. पण अण्णांच्या तोंडावर ते नव्हतं. ते भावाकडं असे बघत होते, जसा बुडणारा माणूस किनाऱ्यावरच्या माणसाकडं बघतो.

"डॉक्टरबाई," तम्माण्णा गाडीवरून खाली न बघता म्हणाले, "त्यांना म्हनावं, हाळी द्या."

"कसली हाळी?"

"मागनं. मी पुडं गाडी फाडायचो, ते मागनं पळत हाळी द्यायचे. नुसत्या गाडीवर ती कदीच उठली न्हाई. मी लई बगितलंय. रातच्याला भितीपलीकडं गाडी वाजवून बी बगितलंय."

"ते वाजवायचास तू?" अण्णा डॉक्टरबाईला मध्ये न घालताच म्हणाले, आणि लगेच जीभ चावून माझ्याकडं वळले. "डॉक्टरबाई, त्याला इचारा, मग तीन वर्सं गप का बसला?"

"डॉक्टरबाई, त्यांना सांगा, इचारलं कुनी?"

"आता दोघंही गप बसा," डॉक्टरबाई म्हणाल्या, म्हणजे मी, "आणि आपापलं काम करा, नाहीतर मी माझं करते."

बुलेट फाडफाडली. अण्णा हरिणीच्या मागं गेले, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि त्यांनी हाळी दिली. "ह्योऽऽऽ हरिणीऽऽऽ! चल गं माजे बाईऽऽऽ!" आवाज मध्येच फाटला, पण थांबला नाही.

हरिणीनं दोन्ही डोळे उघडले. म्हैस उठताना आधी मागची बाजू उठते. ती उठली, डुलली, पुन्हा खाली येणार असं वाटलं. मग पुढचा एक पाय उभा राहिला. मग पट्टीवाला. आणि सातलिंगअण्णांची हरिणी, जीभ अर्धी बाहेर, शिंगांवर मोरपीस वाकडं, हळद लागलेल्या नवरीसारखी जमिनीकडं बघत बुलेटच्या मागं चालायला लागली.

मी तिच्या डाव्या बाजूला, हातात ट्रोकार. मागं अण्णा हाळी देत. त्यामागं अक्का, वैजयंता आणि रंगाच्या वाटीत बसलेली पोरगी, पाठीमागं निळी. गल्लीतल्या लोकांना वाटलं, सगर यंदा एक दिवस आधी निघाली. बायका आरतीची ताटं घेऊन बाहेर आल्या. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "एवढी सावकाश का?" तर दुसरा म्हणाला, "स्टाईल हाय ती. पुन्याची डॉक्टरीण आनल्या, ट्रेनिंग देत्या."

"परभणीची," मी चालता चालता म्हणाले. ते महत्त्वाचं होतं असं मला तेव्हा वाटलं.

किराणा दुकानापाशी हरिणी थांबली. मान लांब केली. तिच्या गळ्यातून आधी गुरगुर आली, मग नळाला खूप दिवसांनी पाणी यावं तसा आवाज, आणि मग ढेकर. मी बऱ्याच जनावरांच्या ढेकरा ऐकल्या आहेत. माझं पोट त्यावरच चालतं. पण तशी ढेकर पुन्हा ऐकली नाही. दुकानदाराच्या काउंटरवरच्या वजनकाट्याचं पारडं हललं. त्या ढेकरेत पेंड होती, सरकी होती, मक्याची वैरण होती, आणि शेवटी अगदी स्पष्ट, वेलदोड्याचा वास होता.

"करंज्या!" अक्का हर्षानं ओरडल्या.

दुसरी ढेकर आली. तिसरी आली. 'नाद करायचा नाय' आक्रसत आक्रसत पुन्हा चार माणसांत वाचण्यासारखं झालं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या, कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, आणि मी ट्रोकार पेटीत टाकला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी सगळ्यांत मोठ्यानं ओरडतेय.

तम्माण्णांनी गाडी बंद केली. खरं म्हणजे गाडीच बंद पडली, पेट्रोल संपलं होतं. अण्णा हरिणीच्या गळ्यात हात टाकून उभे होते. दोघंही घामानं निथळत होते. आता मिठी मारतील, असं गल्लीतल्या सगळ्यांना वाटलं. बायकांनी पदर तयार ठेवले.

"डॉक्टरबाई," अण्णा म्हणाले, "तुमी समोर हुता. माजी हाळी आली आनि म्हैस उठली. बरोबर?"

"डॉक्टरबाई," तम्माण्णा म्हणाले, "डोळा कवा उघडला? पयला डोळा कशावर उघडला तेवडं सांगा."

"डोळा उघडून काय करायचाय? चालली कशावर?"

"कान सांगा. कान कशावर हलला?"

आख्खी गल्ली माझ्याकडं बघायला लागली. मला पाच वर्षं शिकवलेलं सगळं आठवलं. मी घड्याळ बघितलं, इंजेक्शनची वेळ आठवली, आणि प्रामाणिकपणे, एखाद्या परीक्षेत देतात तसं उत्तर दिलं.

"खरं सांगू का? औषधाचा अंमल उतरायची वेळ झालीच होती. ती थोड्या वेळानं तशीही उठली असती."

बायकांनी तयार ठेवलेले पदर खाली सोडले. माळसुद्धा मध्येच विझली.

दोघं भाऊ माझ्याकडं बघत राहिले. मग सावकाश एकमेकांकडं बघितलं.

"तम्मा," अण्णा म्हणाले, "ऐकलास काय रं? औषध उतरलं म्हनं."

"ऐकलो, अण्णा."

"पोरगी हुशार हाय. खरं म्हशीतलं काय कळत न्हाई तिला."

"शिकंल हळूहळू. किती शिकलीया?"

"पाच वर्सं म्हनं."

"तरीच," तम्माण्णा म्हणाले.

अण्णांनी समजून मान हलवली आणि माझ्या पाठीवर थोपटलं, नापास झालेल्या पोराच्या थोपटतात तसं. मग दोघं घरी निघाले. तम्माण्णा हँडल धरून पुढं, अण्णा मागून बंद बुलेट ढकलत, आणि भिंत पाडायला तोच गवंडी बोलवायचा की नवा, यावर मोठ्यानं वाद घालत.

त्यांच्या मागून हरिणी चालली होती. गाडी वाजत नव्हती, हाळी कुणी देत नव्हतं, दावं कुणाच्या हातात नव्हतं. मी ते बघितलं आणि बोलले नाही. बोलले असते तर दोघांनीही मलाच विचारलं असतं, मग ती कशावर चालली ते सांगा.